चातुर्मासाचा नेम: समाजमाध्यमांपासून दीर्घ रजेच्या प्रकल्प नोंदी

१५ जुलै २०२४, कांदेनवमी

परवाच्या आषाढी एकादशीपासून फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स या तिन्ही माध्यमांचा वापर थांबवायचा आणि १२ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीपर्यंत तो सुरू करायचा नाही, असे ठरले आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एका सहकारी बाईंबरोबर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रविवारच्या वनस्पती-ओळख फेऱ्या घेते. त्या फेऱ्यांची सूचना, छायाचित्रे, येणाऱ्यांच्या शंका, नातेवाइकांचे वाढदिवस, शहरातली नाटके-व्याख्याने आणि दिवसभराच्या बातम्या हे सगळे गेल्या काही वर्षांत एकाच पडद्यावर येऊन साठले आहे. त्या पडद्याकडे पाठ फिरवायची, तर यातले प्रत्येक काम कोणाच्या तरी हाती सोपवावे लागेल, आणि ती सोपवासोपवी हेच या चार महिन्यांतले मुख्य काम असणार आहे. म्हणून याला प्रकल्प म्हणते आणि प्रयोगशाळेच्या वहीसारख्या तारीखवार नोंदी ठेवते.

चातुर्मासच का, असे सहकारी बाईंनी विचारले. आजी चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे सोडत असे. तिचा नेम एका वाक्यात सांगता येई, घरात सर्वांना ठाऊक असे आणि त्याला शेवटची तारीख असे. ‘जरा कमी वापरीन’ या संकल्पाला यांपैकी एकही गोष्ट लागू होत नाही, त्यामुळे तो कधी मोडला हेही कळत नाही. शिवाय आठवड्याभराची सुट्टी घेतली, तर माणूस तो आठवडा केवळ संपण्याची वाट पाहत काढतो. चार महिने तशी वाट पाहता येत नाही, दुसरी काही तरी व्यवस्था लावावीच लागते.

व्हॉट्सॲपचा प्रश्न अवघड होता. पुण्यात व्हॉट्सॲप सोडणे म्हणजे सोसायटीच्या टँकरची वेळ, पाणीकपातीचा दिवस, महाविद्यालयाचे बदललेले वेळापत्रक आणि कामाला येणाऱ्या मावशींची रजा या सगळ्यांवर पाणी सोडणे. तेव्हा सीमारेषा माध्यमाच्या नावावरून न आखता कामावरून आखली आहे. ओळखीच्या माणसाने पाठवलेला निरोप चालेल, यंत्राने निवडून समोर मांडलेले चालणार नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवरचे संदेश राहतील; स्टेटस आणि चॅनेल जातील.

भाचीने सुचवले, “मावशी, लोक आज कांदाभजी खाऊन घेतात, तू रात्रभर रील बघून घे.” सूचना परंपरेला धरून असली, तरी स्वीकारली नाही.

१६ जुलै २०२४

आजचा दिवस कारकुनीचा. प्रथम फेसबुकवरची स्वतःची सर्व माहिती उतरवून घेण्याची विनंती नोंदवली, कारण टेकडीवरच्या वनस्पतींची अनेक वर्षांची छायाचित्रे आणि त्यांखालच्या चर्चा तिथेच आहेत, दुसरीकडे त्यांची प्रत नाही. त्यानंतर खाते तात्पुरते बंद करावे की कायमचे हटवावे, हे नीट वाचून पाहिले. तात्पुरते बंद केलेले खाते लोकांना दिसत नाही, पण जसेच्या तसे टिकते आणि पुन्हा लॉग-इन केले की जागे होते. ज्या इतर ॲपमध्ये आपण फेसबुकच्या ओळखीने शिरतो, ती उघडली तरी ते जागे होते, ही बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुस्तके मागवण्याचे एक ॲप आणि प्रवासाचे एक ॲप माझ्याकडे असेच जोडलेले निघाले. दोन्हींना आधी ई-मेलचा पत्ता आणि वेगळा पासवर्ड दिला. मेसेंजरही खात्याबरोबर आपोआप बंद होत नाही, त्याला वेगळे बंद करावे लागते.

फेऱ्यांचे फेसबुक पान केवळ माझ्या खात्याला बांधलेले होते. व्यवस्थापक एकच असेल आणि त्याने आपले खाते बंद केले, तर पानही दिसेनासे होते, म्हणून सहकारी बाईंना दुसऱ्या व्यवस्थापक केले. पानावर आणि इन्स्टाग्रामवर ‘कार्तिकी एकादशीपर्यंत सूचना येथे मिळणार नाहीत, त्या फोनवर किंवा ई-मेलने मिळतील’ अशी सूचना लावली. चार महिने दोन्ही जागा गप्प ठेवायला त्या तयार झाल्या, पण नाखुशीने. “मॅडम, नेम तुमचा आहे, उपास पोरांना कशाला?” असे त्या म्हणाल्या आणि या प्रश्नाचे चांगले उत्तर माझ्यापाशी नव्हते.

वाढदिवस आणि फोन क्रमांक जुन्या डायरीत उतरवले. ‘मित्र’ म्हणून नोंद असलेल्यांपैकी फार थोड्यांचे क्रमांक माझ्याकडे आहेत, हे त्या निमित्ताने दिसले.

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी

सकाळी फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही माझी दोन्ही वैयक्तिक खाती तात्पुरती बंद केली. एक्सचे ॲप काढून टाकले आणि पासवर्ड बदलून तो बहिणीकडे लिहून ठेवायला दिला.

२० जुलै २०२४

मनाआधी हात फोनकडे जातो. दूध तापत असताना, लिफ्टची वाट पाहताना, नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षा थांबली की, आणि दोन तासांमधल्या मोकळ्या वेळात स्टाफरूममध्ये बसल्यावर अंगठा जुन्या जागी जाऊन टेकतो आणि तिथे काहीच नसते. हे सगळे क्षण मिनिट-दोन मिनिटांचे आहेत. मी तासन्‌तास पडद्याला चिकटून बसणाऱ्यांपैकी नव्हते, त्यामुळे आपला वेळ जात नाही अशी समजूत होती. तो अशा फटींमधून जात होता.

या ओढीमागचे तंत्र आता बरेच जगजाहीर आहे. फेसबुकची न्यूज फीड २००६ साली आली. त्याच वर्षी एझा रास्किन यांनी पान न संपता खाली खाली चालत राहण्याची रचना केली, आणि पुढे त्यांनी स्वतःच तिच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. २००९ साली लाइकचे बटण आले. बक्षीस प्रत्येक वेळी न देता अनिश्चित अंतराने दिले, तर प्राणी ती कृती सर्वांत चिकाटीने करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवले होते. फीड खाली ओढून ताजी करणारा अंगठा त्याच नियमाने चालतो: दहा वेळा काही नसते, अकराव्या वेळी जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाचा फोटो असतो.

पळवाटही सापडली. यूट्यूब नेमाच्या यादीत नव्हते, कारण व्याख्याने तिथे ऐकते. पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिथल्या शॉर्ट्सनी रिकामी झालेली जागा घेतली. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. सुरुवातीलाच ठरवलेल्या व्याख्येनुसार शॉर्ट्स आपोआपच बाद होतात. यूट्यूब आता फक्त संगणकावर आणि शोध घेऊन, अशी दुरुस्ती नेमात केली.

२५ जुलै २०२४

काल रात्रभर पावसाने झोडपले. पहाटे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला संदेश आला, की खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग बराच वाढला आहे. पाठोपाठ विठ्ठलवाडीजवळ राहणाऱ्या आत्याचा फोन आला. “अगं, पार्किंगमध्ये पाणी शिरलंय, तुझ्या काकांच्या स्कूटरचं सीट तेवढं दिसतंय.” सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत त्याहून वाईट स्थिती होती. भिडे पूल पाण्याखाली गेला, शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि दुपारपर्यंत विसर्ग ३५,००० क्युसेकच्या घरात असल्याचे ऐकले. डेक्कनजवळ विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेल्याची बातमीही आली.

आज नेमाची खरी परीक्षा झाली. एरवी अशा सकाळी मी एक्स उघडून महापालिका, जिल्हा प्रशासन आणि हवामान खाते यांच्या नोंदी एकामागून एक वाचल्या असत्या. त्या नोंदींचा उपयोग खरा आहे, आणि ‘समाजमाध्यमांवर नुसता कचरा असतो’ असे म्हणणाऱ्यांनी आजचा दिवस विचारात घ्यावा. सरकारी यंत्रणांची घोषणा अनेकदा सर्वांत आधी तिथेच पडते, मग वाहिन्यांवर येते आणि वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी. मी ती माहिती भाचीला फोन करून घेतली, म्हणजे माझा नेम तिच्या खात्याच्या खांद्यावर उभा राहिला. हे लिहून ठेवते, कारण रजेवर गेलेल्या पुष्कळांचा नेम असाच दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर चालतो आणि त्याची गणना होत नाही.

पण भाचीने दिवसभरात काय काय पाहिले, हेही संध्याकाळी विचारले. कामाची माहिती पाच-सहा ओळींची होती: विसर्ग किती, कोणते पूल बंद, कोणत्या भागात जाऊ नये, मदतीचा क्रमांक कोणता. बाकीचा वेळ त्याच दोन-तीन गल्ल्यांच्या वेगवेगळ्या गॅलऱ्यांतून काढलेल्या चित्रफिती, कोणत्या तरी जुन्या पुराचे आजचे म्हणून फिरणारे दृश्य आणि दोष कोणाचा यावरची भांडणे यांत गेला. आमच्या ग्रुपवरही ते जुने दृश्य आले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, ‘हा पूल पुण्यातला नाहीच’ असे सांगून ते थांबवले. ग्रुपमधल्या माणसाला आपण ओळखतो, त्याला जिन्यात गाठून जाब विचारता येतो. फीडमध्ये ही सोय नाही.

रात्री दोन ॲप फोनवर घेतली: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि हवामान खात्याचे ‘मौसम’. धोक्याची सूचना देणे हे फीडकडे नकळत गेलेले काम होते. ते आता दुसरीकडे दिले. वास्तविक, हे नेम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक पुणेकराने, तो समाजमाध्यमांवर असो वा नसो, करण्याजोगे आहे.

१ ऑगस्ट २०२४

पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांना ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज मध्य रेल्वेत नोकरीला आहे आणि त्याचा सराव आपल्या बालेवाडीत झालेला आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या खाशाबा जाधवांच्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. बातमी मला महाविद्यालयाच्या शिपाईमामांनी दुपारी दारात उभे राहून सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. बातम्यांची घडी आता बसली आहे: सकाळी सात वाजून दहा मिनिटांचे आकाशवाणी पुणे केंद्राचे प्रादेशिक बातमीपत्र, चहाबरोबर वर्तमानपत्र आणि एरवी कोणी सांगेल ते.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

इन्स्टाग्रामवर सूचना न देता झालेली ही पहिली मोठी फेरी. सूचना तीन मार्गांनी दिली होती: पूर्वी आलेल्यांना ई-मेल, फोन क्रमांक असलेल्यांना व्हॉट्सॲपवर एक संदेश आणि एका वाचनालयाच्या फलकावर हाताने लिहिलेला कागद. कागदाची कल्पना सहकारी बाईंनी चेष्टेत काढली होती, पण त्याला प्रतिसाद उत्तम मिळाला. फलक वाचून आलेल्यांत बहुतेक निवृत्त मंडळी होती. वेळेआधी हजर, हातात छत्री, पिशवीत दशम्या, आणि प्रश्न नेमके. त्यांतल्या एका आजोबांनी टेकडीवर वन खात्याने गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) लागवड केली तेव्हापासून इथला पावसाळी पाचोळा कसा बदलला, हे स्वतः पाहिलेले सांगितले. ते आमच्या पानावर कधीच आले नसते.

तरुण मात्र आले नाहीत. महाविद्यालयातल्या माझ्या वर्गातले तेवढे हजर होते, कारण त्यांना मी फळ्यावर लिहून सांगितले होते. कर्वे रस्त्याच्या किंवा बाणेरच्या एखाद्या खोलीत राहणारा, बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेला, पुण्यात कोणाला ओळखत नसलेला मुलगा किंवा मुलगी पूर्वी इन्स्टाग्रामवरून आमच्यापर्यंत येत असे. असे चेहरे प्रत्येक फेरीत असत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा फोन, ई-मेल, फलक यांपैकी एकही मार्ग नाही, कारण फोन आणि ई-मेल आधीच ओळख असलेल्यांसाठी आहेत आणि फलक वाचनालयात येणाऱ्यांसाठी. शहरात नव्या, अनोळखी माणसाला दार उघडून देणे हे फीडचे एकमेव काम असे दिसते, जे मी कोणाकडेही सोपवू शकलेले नाही. सहकारी बाईंचा १६ जुलैचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

छायाचित्रांची गोष्ट वेगळी आणि माझ्या बाजूची. कळलावी फुलली होती, उतारावर तेरडा आणि नभाळी होती. पूर्वी अशा वेळी अर्धा गट फोन वाकडे-तिकडे करून फूल चौकटीत बसवण्यात गुंतलेला असे आणि त्यांत मीही असे, कारण संध्याकाळी पान भरायचे असे. आज फोन काढले गेले ते ओळख पटवण्यापुरते: पान, देठ, फूल, मागची बाजू. फोटो दिसायला कुरूप आणि कामाला उत्तम निघाले. दुर्मीळ आमरीचा (ऑर्किडचा) फोटो जागेच्या नावासकट लावला, की पुढच्या रविवारी तिथे पायवाट पडलेली दिसते, हा अनुभव टेकडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला आहे. यंदा ती चिंताही नव्हती.

ओळख न पटलेल्या एका गवताचा नमुना दाबून ठेवला आहे. पूर्वी असा फोटो फेसबुकवरच्या अभ्यासकांच्या समूहात टाकला, की केरळातला किंवा आसामातला कोणी तज्ज्ञ तासाभरात नाव सांगत असे, आणि त्या उदारपणाची किंमत मी कमी लेखणार नाही. आता भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कोरेगाव रस्त्यावरच्या पश्चिम विभागीय केंद्रातला नमुना-संग्रह पाहावा लागेल. त्यासाठी सवड काढून, परवानगी घेऊन जावे लागते.

२२ ऑगस्ट २०२४

या विषयावर झालेले काम वाचून काढले. त्यातला सर्वांत भक्कम प्रयोग अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांचा आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकांपूर्वी फेसबुक वापरणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून एका गटाला मोबदला देऊन चार आठवडे खाते बंद ठेवायला लावले, आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाते बंद ठेवणाऱ्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला. तो वेळ इतर संकेतस्थळांकडे वळला नाही. एकट्याने टीव्ही पाहणे आणि घरच्यांशी-मित्रांशी भेटणे वाढले. समाधान वाढले, पण थोडेच. राजकीय ध्रुवीकरण कमी झाले आणि त्याबरोबर बातम्यांची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर पूर्वीइतका वाढला नाही.

दुसरा प्रयोग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. १४३ विद्यार्थ्यांपैकी एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणला, आणि त्यांचा एकटेपणा व नैराश्याची लक्षणे तुलनेने घटली. म्हणजे संपूर्ण त्यागाची गरजच नाही, असेही म्हणता येईल. दहा मिनिटांचा नियम माझ्या स्वभावाला झेपणारा नाही, कारण तो रोज नव्याने पाळावा लागतो. सोडणे एकदाच करावे लागते. हा स्वभावाचा मामला आहे, त्यातून सर्वांसाठी सूत्र काढू नये.

दोन्ही प्रयोगांत माणूस एकटा बाहेर पडतो आणि भोवतीचे जग तिथेच राहते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२च्या ऑगस्टपासून वेगळाच मार्ग घेतला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. सगळेच बाहेर असल्यामुळे कोणाचे काही हुकत नाही, आणि हुकेल या भीतीला जागाच राहत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत हा प्रस्ताव मांडला, तर इतिवृत्तात त्याची नोंद होण्यापूर्वीच पार्किंगचा विषय सुरू होईल. पण एकट्याच्या रजेपेक्षा दीड तासाची सामुदायिक रजा सोपी असावी, असे माझे मत होत चालले आहे.

७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थी

आजवर गणपतीच्या आरासाचे फोटो आमच्या घराण्यात फेसबुकवर लावले जात आणि त्यांखाली ‘सुंदर’, ‘मोरया’ असे लिहिले, की भेट झाली असे समजले जाई. यंदा मामींनी फोन करून विचारले, “तुझा फोटो दिसला नाही, गणपती बसवला ना?” मी त्यांना दर्शनालाच या म्हटले आणि त्या मामांना घेऊन आल्या. उलट बाजूही आहे: नागपूरच्या आणि अमेरिकेतल्या भावंडांच्या घरचे गणपती मी पाहिले नाहीत. त्यांनी ते स्टेटसला लावले होते आणि स्टेटस माझ्या नेमात बसत नाही. आईला हा नियम पटलेला नाही. “देवाच्या फोटोला कसला आलाय नेम?” असे म्हणून तिने आपला फोन माझ्यापुढे धरला, आणि मी पाहिले. आईने दाखवलेला फोटो हा माणसाने आणलेला निरोपच ठरतो.

४ ऑक्टोबर २०२४

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. बरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली याही भाषा आहेत. एक्सवर असते, तर काल रात्रीच तासाभरात मी काही तरी लिहिले असते, त्यावर कोणी तरी मराठी शाळांच्या अवस्थेवरून टोमणा मारला असता आणि मी त्याला उत्तर देत जागले असते. आज सकाळी वर्तमानपत्रातले सविस्तर वृत्त आणि अग्रलेख वाचला, दुपारी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलले, आणि वनस्पतींच्या स्थानिक मराठी नावांच्या नोंदणीला या दर्जाचा काही उपयोग होईल का, असे विचारणारे छोटे पत्र संपादकांना लिहिले. छापून येईल न येईल. लिहिताना मात्र दोन वेळा शब्द बदलले, जे एक्सवर मी कधी केले नाही.

मत व्यक्त करण्याची घाई हा फीडचा भाग आहे, हे बाहेरून स्पष्ट दिसते. तिथे विषय सकाळी उगवतो आणि दुसऱ्या सकाळी मावळलेला असतो, त्यामुळे उशिरा विचार करून आलेला माणूस रिकाम्या मांडवात बोलत असल्यासारखा दिसतो.

१८ ऑक्टोबर २०२४

विधानसभेची निवडणूक १५ तारखेला जाहीर झाली; मतदान २० नोव्हेंबरला आहे. बहिणीने फोनवर सांगितले, “बरं झालं तू नाहीस. वाडीतल्या जुन्या मैत्रिणींनीसुद्धा एकमेकींना अनफ्रेंड केलंय.” अमेरिकी प्रयोगातल्या ध्रुवीकरणाच्या निष्कर्षाची आठवण झाली. पण त्याच निष्कर्षाची दुसरी बाजू, म्हणजे माहितीतली घट, मलाही लागू आहे: आमच्या मतदारसंघातले सर्व उमेदवार कोण, हे मला आज सांगता येत नाही. अर्ज भरण्याची मुदत संपली, की निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांची शपथपत्रे मिळतात. ती वाचून घेणार आहे.

सहकारी बाईंनी आज स्पष्ट सांगितले, की दिवाळीनंतरच्या फेरीची सूचना इन्स्टाग्रामवर गेलीच पाहिजे. मी हरकत घेतली नाही.

१४ नोव्हेंबर २०२४

परवा नेमाची मुदत संपली. बहिणीने पासवर्ड परत दिला आणि काल संध्याकाळी मी तिन्ही खाती उघडून पाहिली. फेसबुकवर साचलेल्या सूचनांमध्ये मला उद्देशून असलेल्या फारच थोड्या निघाल्या. बहुतेक कोणी तरी कुठे तरी काही तरी टाकल्याच्या वर्दी होत्या. कोणी नसले, की यंत्र हाका वाढवते. माणसांनी पाठवलेल्या संदेशांत एक महत्त्वाचा होता: एका माजी विद्यार्थिनीने ऑगस्टमध्ये शिफारसपत्राबद्दल विचारले होते. तिने नंतर महाविद्यालयातून माझा ई-मेल मिळवला आणि पत्र तिला वेळेत गेले होते.

सहकारी बाईंशी चर्चा करून पुढची व्यवस्था अशी ठरली. माझे वैयक्तिक फेसबुक खाते आता कायमचे हटवायचे; छायाचित्रे जुलैतच उतरवून घेतली होती आणि ती वर्षवार लावूनही झाली आहेत. विनंती आज नोंदवली. ती मागे घेण्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि हटवण्याची प्रक्रिया सुरू झाल्यापासून सर्व साठा पुसायला कंपनीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. या ३० दिवसांत चुकूनही लॉग-इन करायचे नाही. एक्सचे खाते ठेवले आहे, पण ॲपशिवाय. अतिवृष्टीच्या दिवशी संगणकावर उघडण्यापुरते.

फेऱ्यांचे इन्स्टाग्राम मात्र सुरू राहील आणि ते माझ्या हाती नसेल. दोन विद्यार्थी आळीपाळीने ते सांभाळतील, सूचना आणि ओळखीपुरते फोटो टाकतील, जागेचे नाव देणार नाहीत आणि आलेल्या प्रश्नांची यादी शुक्रवारी मला कागदावर देतील. कागदावरच का, असे त्यांनी विचारलेच. स्क्रीनशॉट पाठवला, तर त्यात खालची-वरची फीडही येते, म्हणून. सहकारी बाई हसल्या, पण त्यांनी यादीचा नमुना आखून दिला. वाचनालयाच्या फलकावरचा कागद चालू ठेवायचा आहे. तो लावण्याचे काम गिरिपुष्पाबद्दल सांगणाऱ्या आजोबांनी आपणहून मागून घेतले.

गवताच्या नमुन्यासाठी कोरेगाव रस्त्यावरच्या केंद्रात जाण्याची परवानगी मिळाली आहे. दोन्ही विद्यार्थ्यांना बरोबर नेणार आहे, म्हणजे नाव कळले, की ते कसे कळले हेही त्यांना पोस्टमध्ये लिहिता येईल.